हिरव्या दोऱ्याची वांगी

मी, खाली सही करणारा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय बहात्तर, हे कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यकृताबाबत मात्र त्यांनी हात वर केले आहेत; दोन महिने, फार तर तीन. आधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले, ते रद्द समजावे.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक पुतणीला. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. धाकट्या भावाला काही नाही. माझी बायको चार महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हा या गृहस्थाने एकदा तोंड दाखवले नाही. पुतणी त्याची मुलगी आहे, पण तो काही तिचा दोष नव्हे.

२. मुख्याध्यापकांना माझी तीन पायांची खुर्ची. “मास्तर, भाजी बाजारात मिळते हो, गाड्या लावायला जागा कुठे मिळते?” असे ते मला शाळेच्या भाजीबागेवरून म्हणाले होते. त्यांनी खुशाल बसावे.

३. शाळेची भाजीबाग माझ्या मालकीची नाही, एवढे मला कळते. पण एकतीस वर्षे चौथीच्या मुलांना मी जीवशास्त्र तिथेच शिकवले आणि निवृत्तीनंतरही पाणी मीच घालत आलो. मुळा उपटून मूळ दाखवायचे, भोपळ्याचे नर फूल मादी फुलावर फिरवायचे, भिंग हातात द्यायचे आणि म्हणायचे, “आधी बघा, मग बोला.” आता संस्थेने लेखी कळवले आहे: सत्र संपायच्या आत एखाद्या शिक्षकाने जबाबदारी लिहून घेतली तर बाग राहील, नाहीतर तिथे गाड्यांसाठी फरशी बसेल. सगळ्यांच्या पाया पडून झाले. कुणाला वेळ नाही. उरली फक्त तिसरीची बाई, माझीच विद्यार्थिनी. झारी, खुरपी, भिंग आणि बियांच्या बरण्या मी तिला देतो. तिने बाग सांभाळावी, एवढीच अट.

मागायला तोंड नाही, म्हणून कबुलीही इथेच देतो. ती चौथीत असताना शाळांच्या बागस्पर्धेची तपासणी आली. उन्हाने वांग्यांची फुले गळून गेली होती, एक फळ धरेना. मी बाजारातून दोन किलो वांगी आणली आणि मुले यायच्या आत हिरव्या दोऱ्याने झाडांना बांधली. मूर्खपणा बघा, ज्यांना बघायला शिकवले त्यांच्यासमोरच! साहेबांपुढे ती म्हणाली, “सर, हे इथलं नाही. देठ चाकूने कापलाय.” मी म्हणालो, “साहेब, लक्ष देऊ नका. हिला खोटं बोलायची सवयच आहे.”

शाळेला पहिले बक्षीस मिळाले. ती शाळा सोडून जाईपर्यंत मुले तिला खोटारडी म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो. बागेत तिने पुन्हा पाऊल टाकले नाही. आता फाटकात भेटली की मान हलवते, तेवढेच. बक्षिसाचे प्रमाणपत्र पुढच्या खोलीत आहे, ते जाळावे. हे कलम शाळेत प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचावे. मला लाज वाटते, आणि सव्वीस वर्षांत ती तसूभर कमी झालेली नाही.

४. हे सहीच्या दिवशी जोडत आहे. शाळेचे शिपाई साक्षीला वेळेवर आले. समोरचे शिंपी साक्षीला येणार होते, ते मुलीकडे निघून गेले. बाईला मी कागद दाखवायला बोलावले होते. तिने उभ्या उभ्या सगळे वाचले, तिसरे कलम दोनदा.

“पेन द्या, सर. मी करते साक्षीची सही.”

“अगं, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. वकिलांनी बजावून सांगितलंय.”

“माहीत आहे, सर.”

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिला दिलेले आता कुणालाच जात नाही. तरी कलम खोडत नाही; शाळेत वाचायचे ते वाचावेच. बागेची जबाबदारी आता कुणी घेणार नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: २१ मार्च

लिहून देणार: (सही) निवृत्त शिक्षक

साक्षीदार १: (सही) शाळेचे शिपाई

साक्षीदार २: (सही) तिसरीची बाई. मजकूर वाचला. कलम तीनमध्ये लिहिले आहे तसेच घडले होते. मी खरे बोलले होते.