डावी उजवीकडे

दि. १७ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, चिमणीला पापा. मी बरा आहे. खोली पंक्चरवाल्याच्या दुकानावर आहे, दिवसभर खालून फुस्स-फुस्स चालू असतं. शेजारचा पेंटर म्हणतो, तुझीच हवा जातेय. गोदामातलं काम सुटलं. ओरडू नकोस, या वेळी कारण आहे. मी सारखी सुट्टी मागायचो आणि मुकादमाला वाटायचं नाटकं करतोय. हा मुकादम म्हणजे एक वेगळंच प्रकरण. परवा कपाट चढवताना त्याने स्वतःलाच जिन्यात असं अडकवून घेतलं की... जाऊ दे, भेटल्यावर.

सुट्टी दवाखान्यासाठी हवी होती. तुझ्यासाठीच. म्हटलं, सगळ्या तपासण्या इथेच उरकून किडनी द्यायला तयार होऊनच घरी यावं, म्हणजे 'हा कसला येतोय' हे तुझं पालुपद तरी थांबेल. रक्त तर जुळलंच होतं. मग सोनोग्राफी.

सोनोग्राफीच्या बाई डावीकडे गार जेल लावून बराच वेळ यंत्र फिरवत राहिल्या.

"आधी ऑपरेशन झालंय?"

"नाही."

"नक्की? कुणी काही पाजून झोपवलं वगैरे?"

मी कुठे कुठे झोपलोय ते तुला ठाऊक आहे. डावीकडे किडनीच नव्हती, ताई! शर्ट वर करून कापल्याची खूण शोधत बसलो. मग त्यांनी यंत्र उजवीकडे नेलं आणि पुटपुटल्या, "ही एवढी लांब कशी?"

सीटी स्कॅन झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. "तुमची डावी उजवीकडे राहायला गेलीये. जन्माआधीच. तिथलीला चिकटून बसलीये. लघवीची नळी मात्र परत डावीकडेच उतरते."

मी म्हटलं, "घराण्यात मी एकटाच भटका, असं वाटत होतं."

ते हसले. मग शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. पडद्यावर बघून एकजण म्हणाला, "काय सुंदर केस आहे!" माझ्या कुठल्याच गोष्टीला आजवर कुणी सुंदर म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तर त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली.

आता पुढचं. मी विचारलं, "मग त्यातली एक कापून घ्या की." डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "रक्तवाहिन्या एकमेकींत गुंतल्यात. एक काढायला जावं तर दोन्ही जातील. तुम्हाला आयुष्यभर काही होणार नाही. पण देता येणार नाही."

झालं. एवढंच सांगायला इतकं लिहिलं. दुसऱ्या दवाखान्यातही जाऊन आलो, त्यांनीही तेच सांगितलं. दमलोय गं. गोदामात ओझी वाहून इतका कधी दमलो नव्हतो.

तू आईला दरवेळी परत पाठवलंस, 'धाकटा देतोय ना, तुझ्या अंगाला सुरी लागू देणार नाही' म्हणून. आता तो धाकटा बाद. दाजींचं रक्त जुळत नाही. राहिली आई. डायलिसिसच्या खुर्चीवरून तू फोनवर कशी बोलतेस ते मला ऐकू येतं. 'मजेत' म्हणतेस आणि श्वास पुरत नाही.

काल आधी आईलाच फोन केला. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"तुला 'देऊ नको' म्हणायची सोय नव्हती मला. एका लेकरासाठी दुसऱ्याला टेबलावर झोपवा, असंही कुठल्या तोंडानं म्हणायचं होतं? आता माझी मी मोकळी. तिला सांग, मीच देणार."

म्हणून सांगतोय. तिच्या तपासण्या होऊ देत. शुक्रवारी मी पोचतो. राहायला येतोय, बघायला नव्हे. तुम्ही दोघी आत असाल तेव्हा चिमणीची वेणी घालायला कुणीतरी लागेल, आणि दाजींचा हात तुला माहीतच आहे.

आई तुझ्यासमोर येऊन बसेल तेव्हा हो म्हण. नाहीच म्हणायचं असेल तर मला म्हण, शिव्या दे, चार लोकांत दे. तिला म्हणू नकोस.

तुझा,
काही देता न आलेला
धाकटा