मोठ्या डोळ्यांची

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार

ती. आवडाअक्काला,

धाकट्या गोजरचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे कसेत? दाजींचा खोकला थांबला का? आमचं सगळं बरं आहे असं लिहिणार होते, पण नाय. फोनवर बोलावं तर हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून तुमच्या करमाडला माहेरी चाललेल्या सुकेशनीजवळ चिठ्ठी देतेय.

महिना झाला, हे रोज सकाळी दहाला मागच्या खिडकीत खुर्ची टाकून बसतात, आणि घड्याळाचं दुकान बंद केल्यापासून कपाटात पडलेलं भिंग डोळ्याला लावतात. समोर संध्याबाईंची गॅलरी. (बँकेतून रिटायर झाल्यात, एकट्या राहतात, केस रंगवतात.) त्या त्याच वेळेला कपडे वाळत घालतात. काय बघता विचारलं, तर म्हणाले, ऊन. उन्हाला भिंग कशाला लागतं, अक्का? मग शनिवारी त्यांच्या मित्राशी, गोकुळभाऊंशी, फोनवर बोलताना ऐकलं, "काय डोळेत तिचे! पण लई मिजास. तो बिचारा हात वर करून नाचतोय, अन् ही मान फिरवती." (हे आमच्या वरातीत सुद्धा नाचले नव्हते.) दोन दिवस मला जेवण गेलं नाय.

सोमवारी तव्यावर चपाती टाकून मी मागून गेले आणि भिंग हिसकून घेतलं. डोळ्याला लावलं तर गॅलरी दिसेना. खिडकीच्या जाळीवर तिळाएवढा कोळी. हा जाळं विणत नाय म्हणे, उड्या मारून शिकार धरतो. पुढचे पाय वर करून तो इकडून तिकडं सरकत होता, आणि समोर ती, गाडीच्या दिव्यांसारखे डोळे लावून ढिम्म बसलेली.

"नीट नाचला नाय तर खाती ती त्याला," हे म्हणाले.

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले, आणि खुर्चीच्या अर्ध्या भागात टेकले. चपाती करपली. यांनी तीच खाल्ली, तक्रार केली नाय. मला लई लाज वाटली.

तुझी,
गोजर

ता.क. हे दाढीला गेले होते तेव्हा, रविवारी, मी रागात आपल्या अंगदभाऊला फोन केला होता. तो चार माणसं घेऊन यांना समज द्यायला येणार आहे. आता माझा फोन उचलत नाय. तू त्याला थांबव. यांना काही कळायला नको.

ता.क. पुन्हा. चिठ्ठी चिकटवली होती, परत उघडली. आत्ता संध्याबाई वाटी द्यायला आल्या होत्या. जाताना यांना म्हणाल्या, "भाऊ, तो नाचणारा माझ्या तुळशीवर पण आलाय, बघायला या." ('भाऊ' म्हणाल्या, पण ते माझ्यासमोर.) हे चप्पल न घालता गेले. अंगदभाऊला येऊ दे. चार माणसं नको, दोन बस झाली.