पुलावर उसळणारी घोडी

आप्पा,

काल लिंबायतच्या बाजारात तुमच्या लूमच्या खात्यातला एक म्हातारा भेटला. मेथीची जुडी उलटीपालटी करता करता बायकोला म्हणाला, "हिच्या बापाची घोडी फक्त हिचं ऐकायची हो." तीस वर्षं होत आली, तरी लोक तेच धरून बसलेत. मी हसले, पिशवी उचलली आणि घरी आले. गुडघे नुसते ठणकत होते, स्वयंपाकाचाही कंटाळा आला, म्हणून खिचडी टाकली आणि हे लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडलं नाही, आता कागद खराब करतेय.

तुम्ही आठवडाभर लूम चालवायचात आणि लग्नसराईत तुमची पांढरी घोडी नवरदेवाला मिरवायची. चौमासा लागला की लग्नं बंद. मग तिला रोज सकाळी गोडादऱ्याच्या पलीकडे, कालव्यापल्याडच्या मोकळ्या रानात चरायला न्यायचं. तुमची दिवसपाळी असली की ते काम माझं. तुमची शिस्त मला पाठ होती: रानाच्या तोंडाशी घोडी थांबवायची, तिचं तोंड आपल्याकडे वळवायचं, ती मान सैल सोडेपर्यंत उभं राहायचं, आणि मगच तोंडावरची मोरकी काढायची. "गवत दिसलं म्हणून सुटका नाही पोरी, उभी राहिली म्हणून सुटका," असं म्हणायचात. पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, पोरीच्या हाताला गुण आहे. मला केवढी मिजास चढली होती!

पण घरी साड्यांचे गठ्ठे पडलेले असायचे. टिकल्या लावून दुपारच्या आत द्यायच्या, नाहीतर शेठचा माणूस दारात येऊन कटकट करणार. एक दिवस गवत बघून घोडी ओढायला लागली आणि मी म्हटलं, जा बाई, मर तिकडे. चालता चालताच मोरकी काढली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात ती शिकली, ओढलं की सुटतं. मग कालव्याचा पूल आला रे आला की ती मुसंडी मारायची. मी दोर सोडून द्यायचे आणि मागाहून रानात जाऊन मोरकी काढून आणायचे. तेवढंच काम लवकर उरकायचं.

मग तो तुमच्या सुट्टीचा दिवस आहे. तुम्ही घोडी घेऊन पुढे, मी डबा घेऊन मागे. पूल येतो आणि ती उसळते. समोरून कामाला निघालेल्या बाया येताहेत, म्हणून तुम्ही दोर सोडत नाही. ती तुम्हाला खडीवरून फरफटत नेते. पुलापलीकडे ती थांबते तेव्हा तुमची कोपरं सोललेली असतात, सदऱ्याच्या चिंध्या झालेल्या असतात. तुम्ही उठून बसता, माझ्याकडे बघता. "तुनासंगे बी अशीच करस का ती?" माझ्यासोबतही अशीच पळते का, एवढंच तर विचारलंत. मी म्हणते, "नही, आप्पा."

घरी हळद लावताना आई तुमच्यावर करवादली, तर तुम्ही म्हणालात, "पोरीजवळ ती गरीब गाय होते. माझाच हात गेला. जनावराला कळतं, कोणात जोर उरलाय ते." पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो तुम्ही! त्यानंतर तिला तुम्ही रानात नेलंच नाही. दिवाळीच्या आत घोडी कतारगामच्या एका माणसाला देऊन टाकलीत. ती जाताना तिच्या मानेवरून हातही फिरवला नाहीत, आणि मला चीड आली ती तुमच्यावर. आईला म्हणाले, किती दगडाचं काळीज आहे ह्या माणसाचं. पुढे रस्त्यात वरात दिसली की तुम्ही दुसऱ्या बाजूला व्हायचात, अंगणातला साधा खुंटा उपटायचा तरी शेजारच्याला हाक मारायचात. मी रोज चहाचा कप हातात द्यायचे आणि समोर बसायचे. किती वेळा शब्द ओठांवर आले. पण गल्लीत मिळालेली ती शाबासकी सोडवेना.

हे पत्र कुठे टाकायचं, आप्पा? घडी घालून गादीखाली राहील, नाहीतर उद्या फाडून टाकीन. पण एकदा लिहिते. तुमच्या हातात काही कमी नव्हतं. त्या पुलावर ती आधी माझ्या हातून पळाली होती, आणि मी पळू दिली होती.