चिलीच्या दिवशी सफरचंद

५ जानेवारी, सोमवार

आजपासून नवं पर्व. शाळेच्या वेलनेस कमिटीच्या अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. कमिटीत आम्ही तिघे. एक गैरहजर, एक डुलक्या काढत होता. पण एकमत ते एकमत.

पहिला ठराव लगेच मांडला: गुरुवारी जेवणात चिलीबरोबर, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाबरोबर, जो दालचिनीचा गोड रोल मिळतो तो बंद, त्याजागी सफरचंद. मुख्याध्यापक ओल्टमन्स म्हणाले, वेंडेल, बाबा रे, या गावातलं चर्च बंद कर हवं तर, पण रोलला हात लावू नकोस. मी नुसता हसलो. हेल्थ शिकवण्यात उभी हयात गेली माझी, पोरांची नस मला कळते.

घरातही हेच धोरण. ब्रिनला, म्हणजे याच शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीला, मार्चमध्ये ठरवायचंय की बारावी होईपर्यंत इथे राहायचं की लिंकन शहरात तिच्या आईकडे, कॅरिनकडे. सध्या ती फक्त शनिवार-रविवारी जाते. कॅरिनला अंडंसुद्धा उकडता येत नाही, तेव्हा निकाल लागल्यातच जमा आहे. पोटभर चांगलंचुंगलं खाऊ घाला, पोर जाते कुठे!

७ जानेवारी, बुधवार

सकाळी जवस घालून ओट्स. ब्रिन म्हणाली, नको, उशीर झालाय. डब्यात भरून दिले. घेतले. यश.

संध्याकाळी मसूर आणि केल नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी, ओव्हनमध्ये भाजून. ब्रिन काट्याने डोंगर करत होती, पुन्हा सपाट करत होती. मी प्रथिनं किती ते सांगितलं. मग तंतू किती तेही सांगितलं. ती शाळेच्या कॉयरमधलं, म्हणजे गायनवृंदातलं, काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, आधी ताट संपव, मग बोल. संपलं नाही, त्यामुळे कॉयरचं राहून गेलं.

८ जानेवारी, गुरुवार

रोलविना पहिली चिली! आमच्याकडे नियमच आहे, ताटात फळ किंवा भाजी असल्याशिवाय काउंटरवरून पुढे सोडत नाहीत. म्हणजे पोरागणिक एक सफरचंद. शंभर टक्के यश. ओल्टमन्सना तशी ईमेल टाकली.

स्वयंपाकघराची मुख्य व्हर्ना म्हणाली, ईमेल मग कर, आधी कचऱ्याचा डबा बघून ये. गेलो नाही. डब्यात डोकावणं अध्यक्षाला शोभत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

जिमच्या छपरावर सफरचंदं. गोळाफेकीचा सराव चालला होता म्हणे. फळं आणि व्यायाम यांची सांगड मुलांनी आपणहून घातली, हे विसरून चालणार नाही.

दुपारी गावातल्या हॅरिएट आजींचा फोन. माझ्या नवऱ्याने हाच रोल चिलीत बुडवून खाल्ला, मुलांनी खाल्ला, नातवंडांनी खाल्ला, कुणी मेलं का? नवरा गेला ना, असं मी नम्रपणे सुचवलं. तो ट्रॅक्टरवरून पडून गेला, मेल्या, म्हणाल्या आणि फोन आपटला.

विरोध होणारच. नव्या विचाराला तो होतोच.

१२ जानेवारी, सोमवार

ब्रिन काल आईकडून परतली ती खुशीत. गाल लाल, गुणगुणणं चालू. आठवडाभर ओट्स पोटात गेल्याचा परिणाम, दुसरं काय! तिच्या गाडीत दालचिनीचा घमघमाट होता. विचारलं, तर म्हणाली, सुगंधाची कांडी टांगलीय. पोरीला आता साधा वाससुद्धा पुरतो. मन भरून आलं.

१५ जानेवारी, गुरुवार

चिली होती, पण जेवणाचा हॉल निम्मा ओस. मुलं वाट्या घेऊन पार्किंगमध्ये उभी. बाहेर कानाचे तुकडे पडतील अशी थंडी. व्हर्नाला म्हटलं, बघ, पोरं मोकळ्या हवेत जेवायला लागली. ती म्हणाली, वेंडेल, तू फार गोड माणूस आहेस. कौतुक कुणाचंही असो, स्वीकारावं.

२२ जानेवारी, गुरुवार

आज मीच पार्किंगमध्ये गेलो. लांबच लांब रांग. रांगेच्या टोकाला ब्रिनची गाडी, डिकी उघडी, आत रोलचे ट्रे. हातमोजे घालून ब्रिन वाटत होती. फुकट. रांगेत तिसरे ओल्टमन्स. ते म्हणाले, पाहणी करतोय. तोंडाला साखर लागली होती.

घरी आल्यावर विचारलं, कुणी केले? म्हणाली, मी आणि आईने. पहिली खेप दगड झाली, दुसरी जळली, आई हसून हसून खालीच बसली. मग व्हर्नाला फोन करून कृती घेतली. हे सांगताना ती हसत होती. इतकं मोठं हसू या घरात कधी ऐकलं होतं, आठवेना.

मी साखर आणि यकृत हा विषय घेतला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, मी मार्चपर्यंत थांबत नाहीये.

२४ जानेवारी, शनिवार

ब्रिन या शनिवारी गेली नाही, सामान आवरतेय. मी तडजोड मांडली. रोल परत आणतो. गव्हाचे, निम्म्या साखरेचे. बरं, पूर्ण साखरेचे. ती म्हणाली, रोलचं नाहीये रे. आईकडे आम्ही कित्येकदा ओट्याशी उभ्या उभ्या दूध-सीरियल खातो आणि बडबडत बसतो. तू बोलतोस ते माझ्या ताटाशी.

दुधात ते रंगीत सीरियल म्हणजे निव्वळ साखर. हे बोललो नाही. ओठांवर आलं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार

ठराव मागे. मीच मांडला, एकमताने मंजूर. हॉल गच्च भरला. ब्रिनने माझ्यासाठी एक रोल टेबलावर आणून ठेवला आणि मैत्रिणींकडे गेली. खाल्ला. चांगला होता.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ब्रिन गेली. वाटेत खायला डबा दिला, तिने हसून घेतला. लिंकन म्हणजे तासाभराचा रस्ता, एवढ्यात भूक कसली लागते? मलाही कळतं ते. पण हात रिकामे ठेवून निरोप कसा देतात, ते मला येत नाही.

संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. काय बोलायचं ते आधी मनाशी घोकलं. कॉयरचं विचारायचं. मैत्रिणींचं विचारायचं. खाण्याचा विषय अजिबात काढायचा नाही.

तिने फोन उचलला. मागे कॅरिन कशावरून तरी हसत होती. ब्रिन म्हणाली, बोल ना बाबा.

घोकलेलं सगळं विसरलो.

मग विचारलं, जेवलीस का?

हो म्हणाली.

बरं, म्हटलं.