सकाळी पावणेदहाचा फोन

यावल,
शुक्रवार

प्रिय रूपाली,

काल फोनवर तू म्हणालीस, "गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघते भाऊ, तू काळजी करू नको," आणि मी नुसतं हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. तुझी कामिनीवहिनी दोनदा येऊन काय झालं म्हणून विचारून गेली. तू गाडीत बसायच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही हे मला माहीत आहे. तू मध्येच काहीतरी चांगलं बोलशील आणि मी पुन्हा गप्प बसेन. म्हणून लिहितोय. स्पीड पोस्टानं टाकतो, सोमवारी, फार तर मंगळवारी तुला मिळेल. मोहिनी शाळेत गेली की एकटी बसून वाच. भूषणरावांना दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर तू ठरव.

आई बरी आहे. गुडघे धरतात, तरी रोज मळ्यापर्यंत जाऊन येते. थंडी यंदा लवकर पडली, केळीची पानं पिवळी पडायला लागली आहेत. मोहिनीचा पहिलीच्या गणवेशातला फोटो आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय, आणि घरी कोणी पाहुणा आला की तो फोटो दाखवून ती तीच हकिकत सांगते. तुला ती पाठ आहे. रूपाली धुळ्याला बाळंतपणात अडली, सगळ्या जिल्ह्यात तिच्या रक्ताचा माणूस सापडेना, निंबाचं रक्त जुळलं, आणि तीन वर्षं बहिणीचं तोंड न पाहिलेला भाऊ केळीच्या चिकानं डागाळलेल्या कपड्यांवर गाडीला किक मारून निघाला. ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की कधीकधी मलाही खरी वाटते. दोन वर्षांपूर्वी बाजार समितीच्या रक्तदान शिबिरात मला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिलं, माईकवर हेच सांगितलं. तू समोर बसली होतीस, मोहिनीला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होतीस. रूपाली, ती हकिकत खोटी आहे. आईनं खोटी सांगितलेली नाही, तिला जेवढं माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं. खोटं मी बोललो.

मुळापासून सांगतो. तू भूषणरावांशी कोर्टात लग्न केलंस, त्या दिवशी मी अंगणात उभं राहून तुझ्या नावानं आंघोळ केली होती. हे तुला कोणी ना कोणी सांगितलंच असेल, तू मला कधी विचारलं नाहीस. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरचा कर्ता मी, आणि जातीबाहेर लग्न करून तू मला गावात मान खाली घालायला लावलीस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आई कोपऱ्यात उभी होती, तिच्या अंगावर मी ओरडलो होतो की या घरात यापुढे तुझं नाव निघायचं नाही. ती मला चोरून तुझ्याशी फोनवर बोलायची, हे मला फार नंतर कळलं.

त्यानंतर वर्षभरानं गावात रक्तदान शिबिर झालं. मित्रांबरोबर मीही दिलं. आठवड्यानं जळगावच्या रक्तपेढीतून बोलावणं आलं, पुन्हा नमुना द्या म्हणाले. तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. माझं रक्त साध्या तपासणीत ओ दिसतं, पण ते ओ नाही. बाकी जवळपास प्रत्येकाच्या रक्तात एक घटक असतो, एच म्हणतात त्याला, तोच माझ्यात नाही. याला बॉम्बे ग्रुप म्हणतात, हजारोंत एखाद्याला असतो. मला कधी रक्त लागलं तर ओ सुद्धा चालणार नाही, चढवलं तर जीव जाईल, याच गटाचं रक्त लागेल. मला वाटलं आपल्याला काहीतरी रोग आहे. ते हसून म्हणाले, रोग नाही, फक्त तुमच्यासारखी माणसं थोडी आहेत. मग त्यांनी सांगितलं, हे आईबापांकडून येतं, तुमच्या सख्ख्या भावंडांत चारातल्या एकाला असू शकतं, त्यांची तपासणी नक्की करून घ्या, विशेषतः बहीण असली तर, कारण बाळंतपणात रक्त लागू शकतं. आणि विचारलं, "बहीण आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी कागदावर तसं लिहून घेतलं. माझं नाव आणि फोन नंबर दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांच्या यादीत घातला आणि एक कार्ड दिलं. यावलला परतताना गाडीत ते कार्ड माझ्या खिशात होतं. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता, पण आईकडे असणार एवढा अंदाज मला तेव्हाही होता. एका फोनचं काम होतं. दोन वर्षं मी तो केला नाही. तुला दिवस गेल्याचं बाजारात कोणीतरी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं, अगदी शब्दन्‌शब्द आठवलं. तरी केला नाही. तिला गरज पडली तर ती येईल दारात, असं मनाशी म्हणालो.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुला माहीत आहे ते असं, की माझा मोबाईल गाडीच्या डिकीत राहिला होता, बारा-साडेबाराला आई मळ्यात आली तेव्हाच मला कळलं, आणि मी तसाच निघालो. खरं असं आहे, की फोन मला सकाळी पावणेदहाला आला होता. केळीची कापणी चालू होती, ट्रक बांधाला लागलेला. पलीकडून बाई बोलत होत्या. धुळ्याच्या रक्तपेढीतून दिपमाला बोलतेय म्हणाल्या. तुमचा गट बॉम्बे आहे ना, इथे एक पेशंट आहे, सिझर झालंय, बाळ बरं आहे पण रक्तस्राव थांबत नाही. सकाळपासून ओ च्या सगळ्या बाटल्या तपासून पाहिल्या, एकही जुळत नाही, आता गट लक्षात आलाय. मी पेशंटचं नाव विचारलं. त्यांनी तुझं नाव सांगितलं, भूषणरावांच्या आडनावासकट. वय एकोणतीस. मग त्यांनी विचारलं, "दादा, किती वेळात निघता?" मी म्हणालो, "बघतो."

फोन बंद केला आणि डिकीत ठेवला. डिकीत तो राहिला नव्हता, मी ठेवला होता. मग परत जाऊन घड उतरवून घ्यायला लागलो. मजूर आपसांत काही बोलत होते, ते मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. मी मनात वाद घालत होतो. दुसरा कोणी यादीतला मिळेल. एवढं मोठं धुळं आहे, तिथे एक माणूस मिळणार नाही का. मी तिच्या नावानं आंघोळ केली आहे, आता कोणत्या तोंडानं जाऊ. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो: मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटत होतं, की शेवटी माझ्यावाचून अडलं. ते बरं वाटणं किती वेळ होतं, सांगता येत नाही. पण होतं. मरशील असं मला वाटलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल, आणि तेही पूर्ण खरं आहे का, मी शपथेवर सांगू शकत नाही.

आई पायी आली. यादीतल्या ज्या माणसाचा फोन लागत नाही त्याचं नाव-गाव रक्तपेढीत ऐकून भूषणरावांनी तिला फोन केला होता. दोन किलोमीटर उन्हातून, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, "निंबा, रूपाली धुळ्याले मरू राह्यली. माह्यं रगत चालत नही म्हने, तुह्यं चालते. चाल." माझा फोन लागत नाही असं भूषणराव म्हणाले, हेही तिनं सांगितलं. मी म्हणालो, डिकीत राहिला. त्या क्षणी हे खोटं तयार झालं. ती माझ्या मागे गाडीवर बसली आणि चोपडा-अमळनेर करत धुळ्यापर्यंत माझा खांदा घट्ट धरून होती. रस्त्यात कुठे थांबू दिलं नाही. पारोळा रोडच्या गर्दीत दवाखाना सापडेना, तेव्हा तिनंच रिक्षावाल्याला विचारलं. पोचलो तेव्हा चार वाजले होते.

भूषणराव दारातच उभे होते. त्याच्या तीन वर्षं आधी मी त्यांना मारायला धावलो होतो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "दादा, तुम्हीन उनात, आते बठ्ठं बरं व्हई." मी आलो, आता सगळं बरं होईल, असं त्यांना खरंच वाटत होतं. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. रक्तपेढीत झोपलो, दिपमालाबाईंनी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. मूठ उघडा, मिटा म्हणाल्या. पिशवी हलत होती, भरत होती. नेहमी पाच-सात मिनिटं लागतात, मला वाटत होतं ती भरतच नाही. फॉर्मवर नातं लिहायची जागा होती, तिथे मी 'सख्खा भाऊ' लिहिलं. बाईंनी तो फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी तुम्ही बघतो म्हणालात. नंतर मी अकरा वेळा लावला." मी तोंड फिरवलं. त्यांनी पिशवी घेतली आणि तपासणीसाठी आत पळाल्या. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. दुसरी बाटली संध्याकाळी नाशिकहून आली, ते गृहस्थ स्वतःच्या गाडीनं आले होते, तुझं नावसुद्धा त्यांना नीट माहीत नव्हतं.

आणि आता सगळ्यात अवघड. तुझी गर्भपिशवी काढली ती अडीच वाजता. मी अमळनेरच्या अलीकडे होतो तेव्हा. तुला सांगितलं गेलं की दुसरा इलाजच नव्हता, आणि तू ते देवाची मर्जी म्हणून घेतलंस. मोहिनीला भाऊ नाही, बहीण नाही, म्हणून तू कधीकधी गप्प होतेस ते मी पाहिलंय. त्या दिवशी तुला माझं रक्त चढत होतं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांना वाटलं मी आत्ताच कळून धावत आलोय. धीर द्यायला म्हणून म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून ती वाचली. दोन-अडीचपर्यंत हे रक्त हातात असतं तर पिशवी वाचवायचा प्रयत्न करता आला असता. पण तुम्हाला कळलंच उशिरा, तुमचा काय दोष." मी पावणेदहाला निघालो असतो तर एकला पोचलो असतो. हा हिशेब मी सहा वर्षं करतोय, आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच येतो. गर्भपिशवी वाचली असतीच असं त्या म्हणाल्या नाहीत. प्रयत्न करता आला असता म्हणाल्या. तो प्रयत्न मी होऊ दिला नाही.

पहिली राखी तू टाके ओले असताना बांधलीस, खाटेवर बसून. तेव्हाच सांगायचं होतं. मग म्हटलं बरी होऊ दे. मग म्हटलं मोहिनी मोठी होऊ दे. दरवर्षी काहीतरी कारण मिळालं. खरं कारण एकच, तू मला परत भाऊ म्हणायला लागली होतीस आणि ते मला सोडवत नव्हतं.

काल दुपारी हे सगळं कामिनीला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगायचं तर सगळं पार पडल्यावर सांगा. आत्ता सांगून काय मिळणार? तुमच्या दोन लेकरांकडे बघा." तिचं चूक नाही. पण आज सकाळी मी आईलाही सांगितलं. ती शेंगा फोडत होती. माझं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "मले काय सांगतं? तिले सांग." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दुपारी ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही.

तर, रूपाली, आता गुरुवारचं. तू जळगावला येणार ती मला रक्त द्यायला. माझ्या मूत्रपिंडातली गाठ शनिवारी काढायची आहे. एक बाटली माझीच आधी काढून ठेवली आहे, डॉक्टर म्हणतात निदान आणखी एक हाताशी असल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. यादीतले नाशिकचे ते गृहस्थ आता वयामुळे देऊ शकत नाहीत, दुसरा एक परदेशात आहे. तू विचारताक्षणी हो म्हणालीस. मी ऑपरेशननंतर सांगितलं असतं, तर तुला काही माहीत नसताना तुझ्या अंगातलं रक्त काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि मी तुझ्याकडून आधीच पुष्कळ काढून घेतलंय. मला जगायचं आहे, हे लपवत नाही. भीतीही वाटते. तरी तू नाही आलीस तर मी फोन करणार नाही, कुणाला करूही देणार नाही. डॉक्टर तारीख पुढे नेतील, माझीच आणखी एक बाटली साठवता येते का बघतील, आणि गावात कोणी विचारलं तर कारण मी माझंच सांगेन. आलीस, आणि रक्त देऊन माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस, तरी मला समजेल. फक्त जे ठरवशील ते सगळं माहीत असून ठरव. एवढ्याचसाठी हे लिहिलं.

येशील न येशील, तुझाच
निंबा