आत्यासाठी खोली

४ फेब्रुवारी

परत नाय म्हणले! पुंडलिकनगरातली खोली चांगली होती, खालचीच. बाईनं आत्याकडं बघितलं, वय विचारलं, म्हणली, "राग नका मानू, पण पंचकात काही झालं तर? घराला महिनोन्महिने कुलूप लावावं लागतं."

आत्या हसली. "बाई, पंचांग बघूनच जाईन की!"

बाई नाही हसली. माझ्याकडं वळली. "तुम्ही राहणार का सोबत? मग देते."

मी चपला बघत बसलो. आत्याच बोलली, "त्याचा काय भरवसा! आज इथं, उद्या कुठं."

आईबाप गेल्यावर हिनंच मला वाढवलं, वसतिगृहात भाकऱ्या थापून. आता हात चालत नाहीत, निराधारच्या पगारावर भागवते. घरमालक नानासाहेब जुन्या खोल्या पाडून इमारत बांधणार – होळीच्या आत रिकामी करा म्हणतात.

८ फेब्रुवारी

औरंगपुऱ्यात खोली बघितली. जिना कसला, शिडीच! आत्या मधेच बसली. "चढीन रे कशीबशी. पण मला खांद्यावर घेऊन खाली उतरणाऱ्यांचा तर इचार कर."

१४ फेब्रुवारी

मिळाली!! उमाताई, रिटायर मास्तरीण. तळमजला, दारात नळ, भाडंही आत्याच्या आवाक्यातलं. "मी पंचकबिंचक मानत नाही," म्हणल्या. "पण यांना रात्री काही झालं तर घरचं माणूस पाहिजे. रविवारी या, राहतो म्हणून माझ्यासमोर सांगा."

म्हणलं, येतो. तेव्हा खरंच वाटलं होतं, राहीन म्हणून.

आत्यानं तवा, परात पोत्यात भरून ठेवली. इतक्या लवकर!

१७ फेब्रुवारी

माझा दोस्त फकिरा पिकअप घेऊन मका आणायला सिल्लोडला चालला. सांजच्याला परत म्हणतो. तिथं कुस्त्या हायेत!

२१ फेब्रुवारी

कुस्त्या लई रंगल्या. मग फकिराला जळगावचं भाडं लागलं, मी पण बसलो. रविवार गेला ते केळीच्या मळ्यात ध्यानात आलं. मोबाईल बंद. चार्ज करता आला असता – केला नाही.

२३ फेब्रुवारी

खोली गेली. दोन कॉलेजच्या पोरींना दिली.

उमाताई म्हणल्या, "आजी रोज येऊन ओट्यावर बसायच्या. 'गाडी चुकली असंल त्याची' म्हणायच्या. मी तरी किती थांबू?"

आत्यानं ताटात भाकरी वाढली, वर तेल-चटणी. शिव्या तरी द्यायच्या होत्या!

१ मार्च

रोज फिरतोय. दार उघडलं की आधी सांगतो – मी राहणार, इथंच राहणार, लिहून घ्या. लोक वरपासून खालपर्यंत बघतात. माझा अवतारच तसा.

५ मार्च

द्वारकाबाई म्हणून एक एकटीच म्हातारी, ती तयार झाली! मागची खोली, पत्र्याची, पण जमिनीवर. म्हणली, "पोरा, दोघी असलो तर मलाबी बरं."

पळत घरी आलो. कुलूप. नानासाहेब म्हणले, "गेल्या की सकाळी. गावाबाहेरच्या आश्रमात. फुकट ठेवून घेतात तिथं. तुला नाय सांगितलं?"

६ मार्च

आश्रमात गेलो. ज्याला कुणीच नाही, त्यालाच तिथं घेतात. आत्या कॉटवर बसलेली. म्हणलं, चल, खोली मिळाली. मान हलवली नुसती. "आता नको. लई फिरले."

तिथल्या बाईंनी विचारलं, "आजी, हे कोण?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "गल्लीतला पोरगा हाय. चांगला हाय."

मी व्हय म्हणलो.