इंजिनचा पहिला स्टार्ट

रविवार संध्याकाळ, बेसिंगस्टोक, इंग्लंड

चार वर्षं समीर आणि मी त्याच्या गॅरेजमध्ये एक जुनी, दांडग्या इंजिनची अमेरिकन मसल कार बांधतोय. बॉडी जुनीच, पण इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं आजचं. गाडीच्या फ्लोअरचं वेल्डिंग माझं. इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ते दोघांनी मिळून, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

आज त्याने किल्ली माझ्या हातात दिली. इंजिन लगेच सुरू झालं आणि मी चक्क रडले. समीर तर उड्या मारत ओरडला, "पहिल्याच फटक्यात, मेधा!"

तेवढ्यात शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, "मागच्या शनिवारी केवढा धूर होता! आज बरं चाललंय."

मागच्या शनिवारी मी नागपूरला होते, आईच्या ऑपरेशनसाठी.

मी इंजिन बंद केलं. "समीर?"

"अगं, राहवलं नाही मला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

राहवलं नाही, हे मी समजू शकते. पण मग त्या उड्या? त्याच शनिवारी फोनवर त्याने आईची चौकशी केली, तेव्हाही गप्प! आणि आज उड्या!

किल्ली त्याच्या हातात देऊन मी चालत घरी आले. आता त्याचा फोन येतोय. नाव बघूनही मी तो उचलला नाही, असं आज पहिल्यांदाच झालं.